तीन थेंबांचं तेल : कोल्हापुरात बसून ऑनलाइन जपानी शिकताना

शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. दोन सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी मशीन, त्यातलं एक जपानहून आलेलं जुनं लेथ. मशीन दणकट, पण पॅनलवरचं सगळं जपानीत. आमचे ऑपरेटर काका बटणांच्या जागा पाठ करून ते वर्षानुवर्षं चालवत आलेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये एका दुपारी ते मध्येच थांबलं आणि पडद्यावर पाच चिन्हं उमटली.

"वहिनी, ह्यो काय म्हणतोय बघा की," काका म्हणाले. मी हिशेब आणि डिस्पॅच बघते. मला काय कळणार? मी फोटो काढला. फोनचा कॅमेरा रोखून भाषांतर करून पाहिलं, पण जुन्या पडद्यावरची ठिपक्याठिपक्यांची अक्षरं त्याला लागेनात. पुण्याहून मेकॅनिक यायला दोन दिवस गेले. त्याने मागचं झाकण उघडलं, लुब्रिकेशनच्या टाकीत तेल ओतलं आणि मशीन सुरू झालं. व्हिजिटचे ३,५०० रुपये. दोन दिवसांचे जॉब राहिले, पार्टीचे फोन आले ते वेगळंच. पैशांपेक्षा मला लागलं ते हे, की मशीन आपल्याला स्वच्छ सांगत होतं आणि आपण नुसते त्याच्या तोंडाकडे बघत उभे होतो.

मार्च एंडिंग संपलं आणि ३ एप्रिल २०२३ ला, सोमवारी, मी जपानी शिकायला बसले. वय ४१. पुढे १ डिसेंबर २०२४ ला मी जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन५ ही पहिली पायरी दिली. मधल्या वीस महिन्यांत काय कामाला आलं आणि कुठे अडकले, ते लिहून ठेवते आहे. पुण्या-मुंबईबाहेर राहणाऱ्या, ठरावीक वेळेचा क्लास न जमणाऱ्या बायकांनी मला याबद्दल बऱ्याचदा विचारलंय. ऑनलाइन क्लासही मी पाहिले होते, पण संध्याकाळी सातची बॅच म्हणजे आमच्याकडे स्वयंपाकाची वेळ.

पहिल्या आठवड्यात उत्साहात सहा अ‍ॅप उतरवली. सगळी रोज घंटी वाजवायची, सगळ्यांत पहिला धडा तोच, आणि मी सहा वेळा 'नमस्कार' शिकले. पंधराव्या दिवशी चार काढून टाकली. सुरुवातीला एक ऐकायचं, एक वाचायचं आणि एक पाठांतराचं एवढं पुरतं.

ऐकण्यासाठी एनएचके वर्ल्ड या जपानी प्रसारण संस्थेची सोप्या जपानीची मालिका घेतली. ४८ धडे, प्रत्येक साधारण दहा मिनिटांचा, फुकट, आणि समजावणं हिंदीतूनही आहे. ताम नावाची व्हिएतनामी मुलगी जपानमध्ये शिकायला जाते, तिच्या दिवसांतून वाक्यं येतात. भाकरी थापताना एक धडा होतो. वाचण्यासाठी जपान फाउंडेशनचं 'इरोदोरी' हे पाठ्यपुस्तक. त्याच्या पीडीएफ आणि ऑडिओ दोन्ही फुकट उतरवता येतात, तीन भाग, प्रत्येकात १८ धडे. जपानमध्ये राहायला आणि काम करायला जाणाऱ्यांसाठी ते बनवलंय, त्यामुळे त्यात दुकान, दवाखाना, कामाची जागा, कचऱ्याचे वार असं रोजचं येतं. मी पहिले सहा धडे झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणले, कारण मला पेन्सिलीने खुणा केल्याशिवाय वाचल्यासारखं वाटत नाही.

पण त्याआधी अक्षरं. हिरागाना आणि काताकाना या जपानीच्या दोन लिप्या, प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं. इथे मला पहिला दिलासा मिळाला. तक्ता उघडला तर वर आ, इ, उ, ए, ओ आणि पुढे का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ही तर आपली बाराखडी! नंतर वाचलं की बौद्ध भिक्षू संस्कृतसाठी सिद्धम् लिपी शिकत, त्या अभ्यासातून हा क्रम तिकडे रुजला. 'च'च्या जागी 'सा' आणि 'प'च्या जागी 'हा' बसलाय, बाकी कंठापासून ओठांपर्यंतची तीच वाट. शाळेत घोकलेलं क, च, ट, त, प असं समुद्रापार भेटलं, तेव्हा मला फार बरं वाटलं. परकं घर, पण फडताळाची रचना आपल्यासारखी.

उच्चारांतही मराठी मदतीला येते. अनेकांना 'त्सु' जड जातो. आपल्याला 'चहा'तला आणि 'चमचा'तला च वेगळा म्हणायची सवय आहे, आणि 'चूल' म्हणताना जो चू निघतो तो जवळजवळ तोच आहे. पाण्याला 'मिझु' म्हणतात, त्यातला झु 'जुना'तल्या जुसारखा. माझी एकच विनंती: रोमन लिपीतली मदत पहिल्या आठवड्यानंतर बंद करा. बहुतेक साधनांत तशी सोय असते. मी महिनाभर ती चालू ठेवली आणि डोळे सारखे तिकडेच पळायचे.

हिरागाना बारा दिवसांत आली. अक्षरांना मी माझी नावं ठेवली होती: 'कु' म्हणजे चिमणीची चोच, 'शि' म्हणजे मासे धरायचा गळ, 'हे' म्हणजे लांबून दिसणारा जोतिबाचा डोंगर. काताकानाला तीन आठवडे लागले, आणि त्यातले शि, त्सु, सो, न हे चौघं मला परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत चकवत राहिले. फरक फक्त रेघ वरून खाली ओढलीय की खालून वर, आणि छोट्या रेघा आडव्या की उभ्या, एवढाच. ते बोटाने फोनच्या कीबोर्डवर लिहून बरंच सुटलं. गुगलच्या कीबोर्डमध्ये जपानी हस्ताक्षराची सोय जोडता येते. रेघ चुकली की दुसरंच अक्षर येतं, आणि ते डोक्यात बसतं.

काताकाना आली त्या दिवशी मी पॅनलसमोर जाऊन उभी राहिले. बाहेरच्या भाषांतून आलेले शब्द त्या लिपीत लिहितात, म्हणजे कारखान्यातले निम्मे शब्द त्यातच. 'आराऽमु', 'मोऽताऽ', 'पोम्पु', 'ओइरु'. अलार्म, मोटर, पंप, ऑइल! मी एकेक वाचत गेले आणि काका मागून बघत होते. मशीनवर किंवा जपानी कंपनीत काम करणाऱ्यांनी काताकाना कंटाळवाणी म्हणून मागे टाकू नये.

पाठांतरासाठी आंकी घेतलं. नावच जपानी, 'आंकी' म्हणजे पाठांतर. अँड्रॉइडवर आणि संगणकावर फुकट, आयफोनवर मात्र विकत घ्यावं लागतं. कार्डाच्या एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ. आठवलं तर ते कार्ड काही दिवसांनी येतं, मग आणखी लांबून, विसरलं तर लगेच. साधन उत्तम आहे, पण मी त्यात चांगलीच बुडाले. त्यात रोज २० नवी कार्डं आपोआप ठरलेली असतात आणि मी ती तशीच राहू दिली. सप्टेंबरात गौरी-गणपती आले. घरी पाहुणे, मी आठ दिवस अ‍ॅप उघडलं नाही. उघडलं तेव्हा ४१२ कार्डं थकलेली. रात्री साडेअकराला तो आकडा पाहून मी फोन उपडा ठेवला आणि पुढचे तीन आठवडे जपानीचं नाव काढलं नाही.

परत आले ती एका साध्या बदलाने. नवी कार्डं शून्य केली, थकलेली रोज ४० या वेगाने फेडली. ती संपल्यावर रोज नवे फक्त सात शब्द. वर्कशॉपला जाताना रिक्षात होतात. सात कमी वाटतात, पण वर्षाला अडीच हजारांच्या घरात जातात. सण, लग्नं, मुलांच्या परीक्षा आपल्या घरात येणारच. ज्या आकड्याने गणपतीतही भागेल तोच ठरवा. दुसरी गोष्ट, दुसऱ्याने बनवलेली हजारो कार्डांची तयार गठडी उतरवण्यापेक्षा धड्यात भेटलेले शब्द स्वतः घातलेले बरे. तो शब्द कोणाच्या तोंडी, कुठल्या प्रसंगात आला ते सोबत आठवतं.

आता कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली चिन्हं. मला सर्वांत जास्त धास्ती याचीच होती, आणि शेवटी सर्वांत जास्त जीव इथेच रमला. कांजी शिकवणारी वानिकानी नावाची साइट आहे. आधी अवयव, मग चिन्ह, मग शब्द, अशी तिची पद्धत. पहिल्या तीन पातळ्या फुकट आहेत, पुढे पैसे भरावे लागतात. मी तीनच केल्या. त्यातल्या इंग्रजी गोष्टी माझ्या डोक्यात राहीनात, पण 'चिन्ह म्हणजे जोडकाम आहे' हे कळलं आणि मी मराठीत गोष्टी रचायला लागले. झाडाला टेकलेला माणूस म्हणजे विश्रांती. शेत आणि खाली ताकद म्हणजे पुरुष. वर पाऊस, खाली शेतासारखी चौकट आणि तिच्यातून खाली सुटलेली शेपूट म्हणजे वीज. ते विजेचं चिन्ह आमच्या मेन स्विचशेजारी होतं. इतकी वर्षं होतं.

नोव्हेंबर २०२३ मधला एक रविवार. दुपारी सगळे झोपले होते. फोनमधले फोटो चाळताना तो फेब्रुवारीचा अलार्म समोर आला. पाच चिन्हं. आणि मला एकदम दिसलं, की पहिल्या तिन्हींच्या डाव्या बाजूला तेच तीन छोटे फटकारे आहेत. ते पाण्याचं अंग. जपानीत त्याला 'सानझुइ' म्हणतात, तीन थेंब समजा. जिशो या ऑनलाइन शब्दकोशात अवयव निवडून चिन्ह शोधता येतं. मी तीन थेंब निवडले आणि उजवीकडचे भाग ताडून पाहायला लागले. पहिल्या चिन्हात थेंबांशेजारी एक दार, आणि दारात राजा उभा. दुसऱ्यात थेंबांशेजारी हाड. तिसऱ्यात शेताची चौकट, पण मधली रेघ डोक्यावरून बाहेर आलेली. ते सापडलं: 'यु', तेल. तिन्ही जोडून 'जुन-कात्सु-यु'. वंगणतेल. पुढची दोन मिळून 'इजो', म्हणजे बिघाड.

हाड आणि त्याला लागलेला ओलावा म्हणजे 'गुळगुळीत, निसटतं'. आमच्या सासूबाई रोज म्हणतात, गुडघ्यातलं वंगण संपलं. मला वाटलं, तीच कल्पना कोणीतरी फार पूर्वी एका चिन्हात मांडून ठेवली होती. मी ते चिन्ह वहीत वीस वेळा काढलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला सांगू. नऊ महिन्यांपूर्वीचं ते वाक्य मी वाचलं होतं, कोणालाही न विचारता.

त्या दिवसानंतर परीक्षा द्यायचं ठरवलं. जेएलपीटी १९८४ पासून आहे आणि २०१० पासून तिच्या एन५ ते एन१ अशा पाच पायऱ्या आहेत, एन५ सर्वांत सोपी. जुलै आणि डिसेंबरचा पहिला रविवार. कोल्हापुरात केंद्र नाही, आम्हाला पुणं जवळचं. २०१० नंतर शब्दांची अधिकृत यादी निघत नाही. एन५ ला साधारण शंभर कांजी आणि आठशेच्या आसपास शब्द लागतात, असा शिकवणाऱ्यांचा अंदाज असतो.

व्याकरणाची भीती मात्र घेऊ नका. कर्ता, कर्म, क्रियापद हा क्रम आपलाच. 'ला', 'त', 'चा' हे जसे आपण शब्दाच्या मागे लावतो, तसे त्यांचे 'नि', 'दे', 'नो'. प्रश्न विचारायचा तर वाक्याच्या शेवटी 'का'. 'इकिमासु का' म्हणजे 'जाणार का?' आणि संमती हवी तर शेवटी 'ने', आपल्या 'ना'सारखा. त्यांचं 'ते' रूप म्हणजे आपलं ऊन-रूप: खाऊन, पिऊन, जाऊन. मी पुढचं थोडं वाचलं तर 'ताबेते मिरु' सापडलं. ताबेते म्हणजे खाऊन, मिरु म्हणजे बघणे. खाऊन बघणे! तसंच करून ठेवणे, तसंच करून टाकणे. इंग्रजीतून शिकवणारे व्हिडिओ यावर वीस-वीस मिनिटं घेतात. तुम्ही वाक्य मराठीत मनाशी म्हणा, निम्मं आपोआप सुटतं.

बोलण्यासाठी मी भाषेची देवाणघेवाण करायच्या एका अ‍ॅपवर खातं काढलं होतं. चार दिवसांत नको ते संदेश यायला लागले. खातं बंद केलं. बायकांनी तिथे स्वतःचा फोटो आणि गाव टाकू नये, एवढं सांगते. त्याऐवजी मला एक साधी युक्ती सापडली. फोनच्या कीबोर्डवर जपानी भाषा निवडायची, माइक दाबायचा आणि बोलायचं. उच्चार नीट असेल तर वाक्य बरोबर उमटतं. 'ओबासान' म्हणजे मावशी किंवा काकू, 'ओबाऽसान' म्हणजे आजी. मी आजी म्हणत होते आणि पडद्यावर मावशीच येत होती. स्वर पुरता लांबवायला मला चार दिवस लागले. चूक कोणी ऐकत नाही, त्यामुळे लाजही वाटत नाही.

गमतीसाठी दोन गोष्टी. 'एरिन'ची साइट: एरिन नावाची परदेशी मुलगी जपानी शाळेत जाते, २५ धडे, छोटे व्हिडिओ, तेच चित्रकथेतही. माझी मुलगी हे माझ्यासोबत बघायची. दुसरं, तादोकु, म्हणजे भरपूर वाचन. त्या नावाच्या साइटवर अगदी सोपी चित्रांची पुस्तकं फुकट मिळतात. नियम असा, की शब्दकोश उघडायचा नाही, अडलं तर सोडून पुढे जायचं, कंटाळा आला तर पुस्तकच बदलायचं. मला, प्रत्येक व्हाउचर जुळवणाऱ्या बाईला, न कळलेलं सोडून पुढे जाणं फार अवघड गेलं. पण दहाव्या पुस्तकानंतर मी पहिल्यांदा मनातल्या मनात भाषांतर न करता एक पान वाचलं.

डिसेंबरच्या परीक्षेचे फॉर्म पावसाळ्यातच निघतात, त्यामुळे जुलैपासून केंद्राची साइट आठवड्यातून एकदा बघत राहा. शुल्क बदलत असतं, तेही तिथेच कळतं. नाव ओळखपत्रावर आहे तसंच, अक्षरन् अक्षर भरा. फॉर्म भरताना आपण एक आठ अंकी पासकोड ठरवतो. तो निकाल बघताना लागतो, तेव्हा लगेच लिहून ठेवा. मी कालनिर्णयच्या त्या महिन्याच्या पानावर लिहिला आणि ते पान फाडून फाइलला लावलं.

ऑक्टोबरपासून जेएलपीटीच्या अधिकृत साइटवरचे सराव-संच सोडवले. २०१२ आणि २०१८ चे दोन पूर्ण संच ऑडिओसकट फुकट आहेत. पहिल्यांदा ऐकण्याच्या भागात मी सपशेल पडले. कारण सोपं होतं: मी घरी न कळलेलं परत परत ऐकायची, आणि परीक्षेत प्रत्येक संवाद एकदाच वाजतो. शेवटच्या दोन महिन्यांत नियम केला, की काहीही एकदाच ऐकायचं. 'निहोंगो कोन तेप्पेइ' या पॉडकास्टचे नवशिक्यांसाठीचे भाग चार-पाच मिनिटांचे असतात, रोज दोन ऐकायचे. मागे जायचं नाही.

३० नोव्हेंबरला, शनिवारी, एसटीने पुण्याला. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे प्रवासाचा खर्च फारसा झाला नाही. साडेपाच तास लागले. नणंदेकडे मुक्काम. तिने रात्री पिठलं-भात केला आणि माझी वही हातातून काढून घेतली.

परीक्षेला हॉल तिकीट, मूळ ओळखपत्र, दोन एचबी पेन्सिली, खोडरबर, टोकयंत्र आणि काट्याचं साधं घड्याळ. मोबाइल पूर्ण बंद. तो वाजला तर परीक्षेतून बाहेर काढतात. माझ्या वर्गात बहुतेक विशीतली मुलं, दोन शाळकरी मुली आणि मागच्या बाकावर माझ्याहून मोठे एक गृहस्थ. पहिला भाग शब्दांचा, २० मिनिटं. दुसरा व्याकरण आणि वाचनाचा, ४० मिनिटं. इथे वेळ पुरत नाही. मी शेवटचे तीन प्रश्न अंदाजाने रंगवले. चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही गोल रिकामा ठेवू नका. तिसरा ऐकण्याचा, ३० मिनिटं. चित्रात बाणाने दाखवलेला माणूस काय म्हणेल, असे प्रश्न त्यात असतात. एका प्रश्नावर मी अडकले आणि त्याचाच विचार करत राहिल्याने पुढचा पूर्ण हुकला. सुटलेला सोडून द्यायचा सराव घरीच करा. लिहायची किंवा बोलायची परीक्षा नसते, सगळं पर्याय निवडायचं.

निकाल जानेवारीत आला. एन५ ला १८० पैकी ८० लागतात, शिवाय शब्द-व्याकरण-वाचनात १२० पैकी किमान ३८ आणि ऐकण्यात ६० पैकी १९. मला १०४ मिळाले, ६८ आणि ३६. काठावरचे नाहीत, फार वरचेही नाहीत. मला सर्वांत जास्त आनंद त्या ३६ चा झाला.

दुसऱ्या दिवशी मी वर्कशॉपमध्ये पांढरी चिकटपट्टी आणि मार्कर घेऊन गेले. काका एकेक बटण दाखवत गेले, मी वाचत गेले आणि खाली मराठीत लिहीत गेले. देन्गेन, वीजपुरवठा. किदो, सुरू. युआत्सु, तेलाचा दाब. लाल बटणापाशी आल्यावर काकांनी माझा हात थांबवला.

"ह्ये मला येतंय," ते म्हणाले. मी गेलं वर्षभर मशीनसमोर पुटपुटायची, ते त्यांच्या कानावर पडत होतं. "हिजो तेइशी."

त्या पट्टीवर 'तातडीने थांबवा' त्यांनीच लिहिलं.